गुरांची वाट आणि तळ्याचा गाळ

पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जाताना तळे दिसले की मी पाण्याआधी काठ पाहतो. परभणीची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. त्यात लाल कंधारी गुरांचे खूर! गुरे उतरतात तिथले गवत जाते, काठ ढासळतो, पावसात माती तळाशी बसते. उथळ पाणी लवकर तापते. शेणामुताने शेवाळ माजते, ते कुजताना प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडतात. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने गाळ शेतात नेला, उत्तमच. पण काठ उघडाच राहिला तर तळे पुन्हा भरणार. मग गुरांनी प्यायचे कुठे? उतरायला एकच दगडी वाट करा, जमल्यास पाणी बाहेर हौदात घ्या. बाकी काठावर हरळी वाढू द्या.