पिनाक

पिनाक : भारतात अभिकल्पिलेला व मालमोटारीवर बसविलेला बहुनलिका रॉकेट प्रक्षेपक. पिनाक हे शिवाच्या धनुष्याचे नाव. त्यावरून या शस्त्राचे नाव ठेवण्यात आले. सैन्यात व वृत्तपत्रांत ‘पिनाका’ असा उच्चार रूढ आहे. २१४ मिमी. व्यासाची १२ रॉकेटे ४४ सेकंदांत एकामागून एक सोडणारा हा प्रक्षेपक भारतीय भूसेनेच्या तोफखान्याकडे असून आर्मेनिया हा त्याचा पहिला परदेशी ग्राहक होय.

तोफ व बहुनलिका प्रक्षेपक ही दोन्ही तोफखान्याचीच शस्त्रे असली, तरी त्यांचे गुणदोष जवळजवळ परस्परविरुद्ध आहेत. तोफेत दारू नळीतच जळते व तिच्या प्रचंड दाबामुळे गोळा बाहेर फेकला जातो. म्हणून नळी जाड पोलादाची लागते आणि प्रत्यागतीचा धक्का सोसणारी अवजड यंत्रणा तोफगाड्यावर बसवावी लागते. रॉकेट आपले इंधन बरोबर घेऊन जाते. नळी त्याला केवळ दिशा देते. त्यामुळे पातळ नळ्यांचा जुडगा एखाद्या दणकट मालमोटारीवर सहज मावतो आणि तोफेला न पेलणारा भार काही सेकंदांत शत्रूवर टाकता येतो.

या सोयीची किंमत अचूकतेत मोजावी लागते. तोफेचा गोळा नळीच्या तोंडाशीच पूर्ण वेग गाठतो. रॉकेट मात्र नळीतून सावकाश बाहेर पडते आणि पुढे इंधन जळत असेपर्यंत वेग घेत राहते. याच काळात आडव्या वाऱ्याचा दाब त्याच्या शेपटीच्या पंखांवर पडतो, त्याचे नाक वाऱ्याच्या दिशेने वळते आणि उरलेले इंधन त्या चुकलेल्या दिशेनेच रेटा देते. इंधनाच्या तापमानाप्रमाणे त्याच्या ज्वलनाचा वेग बदलतो; उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने पल्ला वाढतो. या सर्वांचा हिशेब आधी केला, तरी काही चूक उरतेच. ४० किमी. पल्ल्यावर शेकडा एक चूक म्हणजे ४०० मी. अंतर होय. एकटे अमार्गदर्शित रॉकेट म्हणूनच फारसे उपयोगाचे नसते. ते समूहाने वापरावे लागते. बहुनलिका प्रक्षेपक हे विशिष्ट बिंदूवर नव्हे, तर विस्तृत क्षेत्रावर मारा करणारे शस्त्र ठरले, ते यामुळेच.

समूहाने रॉकेटे सोडण्याची कल्पना भारताला नवी नाही. लोखंडी नळीत दारू ठासलेले बाण म्हैसूरच्या हैदर अली व टिपू सुलतान यांच्या सैन्यांत होते आणि १७८० मधील पोळिलूरच्या लढाईत इंग्रजांना त्यांचा तडाखा बसला. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम काँग्रीव्ह याने त्यांच्या धर्तीवर रॉकेटे तयार केली. मोटारीवरील आधुनिक प्रक्षेपकाची परंपरा मात्र सोव्हिएट ‘कात्यूशा’पासून सुरू होते, जुलै १९४१ मध्ये ओर्शा येथे जर्मन फौजांवर त्याचा प्रथम वापर झाला. त्याच परंपरेतील, १२२ मिमी. व्यासाच्या ४० नळ्यांचा व सु. २० किमी. पल्ल्याचा बीएम-२१ ‘ग्राड’ हा प्रक्षेपक भारतानेही स्वीकारला. [⟶ तोफखाना, रॉकेट].

ग्राडपेक्षा दुप्पट पल्ल्याचे व कितीतरी जड स्फोटशीर्ष वाहून नेणारे शस्त्र देशातच तयार करावे, या हेतूने डिसेंबर १९८६ मध्ये पिनाकच्या विकासकार्यास मंजुरी मिळाली. त्यासाठी सु. २६ कोटी रुपये ठेवण्यात आले व काम १९९२ अखेर संपावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते बरेच लांबले. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या अनेक प्रयोगशाळांनी यात भाग घेतला. प्रमुख जबाबदारी पुण्याजवळच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेकडे होती. घन इंधनाचे काम तेथून जवळच असलेल्या उच्च ऊर्जा द्रव्य संशोधन प्रयोगशाळेने केले. रॉकेटांच्या उत्पादनातही महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. ते प्रामुख्याने चंद्रपूर जिल्ह्यातील चांदा व नागपूरजवळील अंबाझरी येथील आयुध निर्माणींत होत आले. प्रक्षेपक व नियंत्रण केंद्रे यांसाठी २००६ मध्ये टाटा पॉवर आणि लार्सन अँड टुब्रो या खाजगी कंपन्यांकडे मागणी नोंदविण्यात आली. सरकारी आयुध निर्माणींची मिरासदारी असलेल्या या क्षेत्रात ही गोष्ट त्यावेळी नवीच होती.

रचना : आठ चाकांच्या व आठही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या टाट्रा मालमोटारीच्या मागील भागावर फिरता व वर उचलता येणारा साचा असतो. त्यावर प्रत्येकी सहा नळ्यांच्या दोन पेट्या बसवितात. रॉकेटे सोडण्यापूर्वी द्रवचलित पाय जमिनीवर टेकवून गाडी स्थिर करतात, कारण प्रत्येक रॉकेटाच्या सुटण्याने ती हलली, तर पुढच्या रॉकेटाचा नेम बिघडतो. मूळ प्रकारच्या रॉकेटाची लांबी ४·९५ मी. व वजन सु. २७६ किग्रॅ. असून त्यांपैकी १०० किग्रॅ. भार स्फोटशीर्षाचा असतो, पल्ला सु. ३८ किमी. आहे. स्फोट होताच ठरलेल्या आकाराचे तुकडे उधळणारे, आग लावणारे, तसेच रणगाडाविरोधी किंवा सैनिकविरोधी लहान बाँब व सुरुंग पसरविणारे अशी निरनिराळी स्फोटशीर्षे त्यावर बसविता येतात. नियंत्रण केंद्रातील संगणकाकडून आलेल्या आज्ञेनुसार, गाडीतील कक्षातून स्वतंत्रपणे, गाडीपासून दूर अंतरावरून किंवा यंत्रणा बिघडल्यास हाताने नेम धरून अशा चार रीतींनी प्रक्षेपक चालविता येतो.

प्रक्षेपक एकटा लढत नाही. सहा प्रक्षेपकांची एक बॅटरी आणि तीन बॅटऱ्यांची एक रेजिमेंट असते. रॉकेटे भरणाऱ्या व त्यांचा साठा वाहणाऱ्या गाड्या, नियंत्रण केंद्राची गाडी व वरच्या थरांतील वाऱ्याची मापे घेणारे हवामान पथक बॅटरीबरोबर असतात. वाऱ्यामुळे होणारी चूक लक्षात घेता या शेवटच्या पथकाचे महत्त्व सहज पटण्याजोगे आहे. एका बॅटरीची ७२ रॉकेटे ४४ सेकंदांत सुटतात, म्हणजे ७·२ टन भाराची स्फोटशीर्षे पाऊण मिनिटात रवाना होतात. सु. ४३ किग्रॅ. वजनाचे १५५ मिमी. तोफगोळे टाकून तेवढाच भार पोहोचवावयाचा, तर सु. १६७ गोळे लागतील. १८ तोफांच्या संपूर्ण रेजिमेंटला नऊ-दहा फैरी झाडाव्या लागतील आणि तोवर शत्रूचे सैनिक खंदकांत शिरलेले असतील. पहिल्या काही सेकंदांतील हा अचानकपणा हेच बहुनलिका प्रक्षेपकाचे खरे बळ होय. त्याची दुसरी बाजू अशी, की रॉकेटांच्या ज्वाळा व धूर दुरूनही दिसतात आणि शत्रूच्या रडारला त्यांच्या मार्गावरून प्रक्षेपकाचे ठिकाण शोधता येते. म्हणून मारा संपताच गाड्या जागा सोडतात आणि नव्या ठिकाणी जाऊन पुन्हा रॉकेटे भरतात.

वापर : १९९९ च्या कारगिल संघर्षात ग्राडबरोबरच, तोवर चाचणीच्या अवस्थेत असलेला पिनाकही वापरण्यात आला. अरुंद कड्यांवरील ठाणी हे क्षेत्रशस्त्राला सोयीचे लक्ष्य नव्हे. तरीही या अनुभवामुळे सैन्याचा त्यावरील विश्वास वाढला. फेब्रुवारी २००० मध्ये पहिली पिनाक रेजिमेंट उभारण्यात आली. त्यानंतरची वाढ संथ होती. ऑगस्ट २०२० मध्ये आणखी सहा रेजिमेंटांसाठी बीईएमएल, टाटा पॉवर व लार्सन अँड टुब्रो यांच्याशी सु. २,५८० कोटी रुपयांचे करार झाले. त्यांत ११४ प्रक्षेपक, ४५ नियंत्रण केंद्रे व ३३० वाहने यांचा समावेश होता. या रेजिमेंटा उत्तर व पूर्व सीमांसाठी आहेत. भारतीय भूसेनेकडे याहून लांब पल्ल्याचा, ३०० मिमी. व्यासाचा रशियन ‘स्मेर्च’ प्रक्षेपकही आहे. आर्मेनियाने पिनाक घेण्याचा करार २०२२ मध्ये केला.

मार्गदर्शित रॉकेट : पिनाकच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा बदल प्रक्षेपकात नव्हे, तर रॉकेटाच्या नाकात झाला. पुढील भागात दिशा ओळखणारी उपकरणे व हलते छोटे पंख बसविल्यास रॉकेट आपली चूक मार्गातच सुधारू शकते. हैदराबाद येथील रिसर्च सेंटर इमारत या प्रयोगशाळेच्या सहकार्याने तयार झालेल्या अशा रॉकेटाची चाचणी जानेवारी २०१७ मध्ये ओडिशातील चांदीपूर येथे झाली. पुढे राजस्थानातील पोखरण येथेही चाचण्या घेण्यात आल्या आणि सैन्यात दाखल करण्यापूर्वीच्या चाचण्या नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाल्या. पल्ला ७५ किमी. व त्याहून अधिक, परंतु चूक पूर्वीपेक्षा कितीतरी कमी, असा हा उलटा क्रम आहे. एरव्ही पल्ल्याबरोबर चूक वाढते. विशेष म्हणजे किरकोळ सुधारणा केलेल्या जुन्या प्रक्षेपकातूनच ही रॉकेटे सोडता येतात. मात्र मार्गदर्शित रॉकेट महाग असते व त्यामुळे साध्या रॉकेटांची गरज संपत नाही.

ही बाब फेब्रुवारी २०२५ च्या करारांवरून स्पष्ट होते. १०,१४७ कोटी रुपयांच्या या करारांनुसार नागपूरची इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज व पुण्याची म्युनिशन्स इंडिया या कंपन्यांकडून, वाढीव पल्ल्याच्या अमार्गदर्शित स्फोटक रॉकेटांबरोबरच लहान बाँब विखुरणारी रॉकेटेही घ्यावयाची आहेत. हा दुसरा प्रकार वादग्रस्त आहे. विखुरलेल्या बाँबांपैकी काही न फुटता पडून राहतात आणि युद्ध संपल्यावर शेतकरी, गुराखी व मुले त्यांना बळी पडतात. अशा शस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये झाला. भारताने त्यावर सही केलेली नाही. रणगाड्यांच्या मोठ्या जमावाला रोखण्यास असा दारूगोळा आवश्यक आहे, हे सैनिकी मत व त्याविरुद्धचा मानवतावादी आक्षेप या दोहोंचा मेळ अद्याप कोठेच बसलेला नाही. न फुटणाऱ्या बाँबांचे प्रमाण घटविण्यासाठी स्वयंनाशक योजना वापरतात. तीमुळे धोका कमी होतो, पूर्णपणे नाहीसा होत नाही.