कूलंट गळतंय? आधी इंजिन थंड होऊ द्या

पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत मुरबाड-कर्जत रस्त्यावर गाड्या रखडतात आणि तापमानाचा काटा चढतो. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका. दाबाखालचं कूलंट उसळून तोंड भाजतं. गाडी निवल्यावर होजच्या क्लिपपाशी सुकलेला पांढरट-हिरवा थर दिसतो का, पाहा. क्लिप सैल असेल तर आवळा, होज चिरला असेल तर बदला. वॉटर पंपाखालून थेंब पडत असतील तर पंपच गेला. बाहेर ओल नाही, पातळी घटतेय, ऑइल दुधाळ झालंय? हेड गॅस्केटची शंका घ्या, गाडी टो करूनच न्या. सांडलेल्या कूलंटवर माती टाकून ती भरून उचला. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी. आणि या यात्रेत तर बैलबाजार भरतो, जनावरं ते चाटू शकतात.