कवच शाबूत, वाद्य वाकलेलं

सॅक्सोफोन दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे अधूनमधून एक चमत्कारिक तक्रार येते. केस हातातून निसटली, दोन पायऱ्या गडगडली. उघडून पाहिलं तर कवचावर साधा ओरखडा नाही, वाद्यावर पोचा नाही. पण खालचे स्वर काही केल्या लागत नाहीत. कारागीर वाद्य उजेडात आडवं धरतो, एक डोळा मिटून नळीच्या टोकापासून टोकापर्यंत नजर फिरवतो आणि सांगतो : नळी वाकली आहे.

नवशिक्याला हे पटत नाही. केस तर एवढी टणक होती! पण पडताना जमिनीवर थांबते ती केस. आतला साडेतीन किलोच्या आसपासचा टेनर सॅक्सोफोन त्या क्षणी खाली जातच असतो. त्याला कुठेतरी थांबावं लागतं, आणि तो नेमका कुठे थांबतो यावर पुढचा खर्च ठरतो. गादीवर सगळ्या अंगाने थांबला तर काही होत नाही. बेलच्या, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडाच्या, काठावर किंवा एखाद्या कळेवर थांबला, तर सगळा भार त्या एका जागी येतो.

दिसायला सॅक्सोफोन दणकट असतो, पण त्याच्या नळीचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. त्या पत्र्यावर वीस-पंचवीस स्वरछिद्रं, प्रत्येकावर फेल्ट आणि चामड्याचं पॅड आणि ही झाकणं हलवणाऱ्या लांब, बारीक दांड्या. पॅड छिद्राच्या काठावर सगळीकडून सारखं टेकलं तरच स्वर निघतो. कागदाएवढी फट राहिली तरी हवा गळते. नळी किंचित वाकली की छिद्रांचे काठ एका पातळीत राहत नाहीत आणि दांड्या आपल्या खांबांमध्ये अडकायला लागतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण फुंकर मारली की कळतं.

म्हणून केस निवडताना कवच किती कठीण हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की आत वाद्य कुठे टेकतं आणि कुठे अधांतरी राहतं. देवगडचा हापूस ज्या पेटीतून येतो तिच्या फळ्या किती पातळ असतात आणि त्यांच्यात किती फटी असतात ते आठवा. आंबा वाचतो तो पेंढ्यामुळे. चाळीस-पन्नास ते शंभर वर्षांचा जुना सॅक्सोफोन असेल तर हा हिशेब आणखी काटेकोर करावा लागतो, कारण जुनी वाद्यं एका साच्यातली नाहीत.

त्यासाठी दोन गावांकडे पाहावं लागतं. आडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने 1846 मध्ये पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. पण या वाद्याला घरोघरी नेलं ते अमेरिकेने, आणि त्यातही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट नावाच्या छोट्या शहराने. कॉन, ब्यूशर, मार्टिन हे कारखाने तिथलेच. 1920 च्या दशकात अमेरिकेला सॅक्सोफोनचं वेड लागलं तेव्हा हे कारखाने जोरात चालत होते. बेलवर असणाऱ्या सर्वांत खालच्या दोन स्वरांच्या कळा त्या काळी अनेकदा बेलच्या दोन बाजूंना वाटलेल्या असत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. पुढे 1930 च्या दशकात कॉनने टेन एम हा गाजलेला टेनर काढला. बेलवर कोरलेल्या स्त्रीच्या चित्रामुळे तो आजही लांबून ओळखू येतो. त्यात या दोन्ही कळा डाव्या बाजूला आल्या.

दुसरं गाव पॅरिस. तिथल्या सेल्मर कंपनीने 1936 च्या सुमारास बॅलन्स्ड अ‍ॅक्शन नावाचं मॉडेल आणलं आणि या कळा बेलच्या उजव्या बाजूला नेल्या. त्याच घराण्यात 1954 मध्ये मार्क सिक्स आला आणि साधारण 1974 पर्यंत त्याचे टेनर आणि त्याहून लहान अल्टो बनत राहिले. जॉन कोल्ट्रेनचा 1965 च्या सुमाराचा मार्क सिक्स टेनर आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे. मार्क सिक्सची मांडणी इतकी रुजली, की आजचे बहुतेक कारखाने तिच्याच वळणाने सॅक्सोफोन बनवतात. साहजिकच आजच्या केसही त्याच वळणावर बेतलेल्या असतात.

जुन्या वाद्याच्या मालकाची पंचाईत इथे होते. बाजारात ‘टेनरची केस’ म्हणून जी मिळते, ती बहुधा उजव्या कळांच्या टेनरसाठी असते. तिच्यात मार्क सिक्स बरोबर बसतो. त्याच केसमध्ये टेन एम ठेवला, तर कळांसाठी कोरलेली पोकळी एका बाजूला रिकामी राहते आणि दुसऱ्या बाजूला जिथे गादी भरगच्च आहे, तिथे नेमकी कळांवरची संरक्षक जाळी येऊन दाबते. ही जाळी बेलच्या पत्र्याला लहान पायांनी डाक देऊन जोडलेली असते. झाकण जोर लावून बंद केलं की तो जोर पायांवर येतो आणि पत्रा हळूहळू आत जातो. झाकण बंद झालं म्हणजे माप जमलं असं नसतं.

कॉनच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या त्यांच्या वाद्यांत स्वरछिद्रांचे काठ बाहेरच्या बाजूला वळवून गोल केलेले असत. साध्या काठाचं छिद्र वाकडं झालं तर कारागीर कानशीने हलकेच घासून ते पातळीत आणू शकतो. वळवलेल्या काठावर कानस लावली की तो गोलवाच जातो. म्हणून पत्रा आतून उचलत, थोडा थोडा बसवत काम करावं लागतं. ते वेळखाऊ आणि महाग. म्हणजे ज्या वाद्याला तयार केस सहज मिळत नाही, त्याचीच दुरुस्ती जास्त अवघड.

मग वाद्याबरोबर आलेली मूळ केसच वापरली तर? मोह होतोच. लाकडाची पेटी, वरून काळं आवरण, आत मखमली अस्तर, पितळी कड्या. ती त्याच वाद्यासाठी बनलेली, त्यामुळे पोकळ्या बरोबर जागी असतात. पण इतक्या वर्षांत अस्तराखालचं भरण दबून चपटं होतं, सरस सुटतो, बिजागऱ्यांचे स्क्रू लाकडात सैल होतात. वाद्य आत बोटभर हलायला लागतं, आणि तेवढी जागा आपटायला पुरेशी असते. कडी भररस्त्यात उघडणं हा जुन्या केसचा ठरलेला अपघात. म्हणून जाणते वादक बाहेरून एक कापडी पट्टा आवळतात. अमेरिकेत नृत्यवृंदांतले वादक सॅक्सोफोनबरोबर क्लॅरिनेट आणि बासरीही वाजवत. त्यांच्यासाठी तिन्ही वाद्यं एकत्र मावतील अशा मोठ्या ‘ट्राय-पॅक’ केस निघाल्या. त्या पाहायला देखण्या, पण उचलल्या की खांदा बोलतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही अशी अनेक वाद्यं हाताळणारी माणसं होती. 1964 च्या ‘कश्मीर की कली’पासून राहुल देव बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांपर्यंत ज्यांचा सॅक्सोफोन ऐकू येतो, ते मनोहारी सिंग बासरीही तितक्याच सफाईने वाजवत.

चांगली केस वाद्याला मोजक्या, मजबूत जागी धरते : बेलचा भाग, तळाचा वळसा, नळीचा वरचा भाग आणि अगदी वरचं टोक. कळा आणि दांड्या मोकळ्या राहतात. वरच्या टोकाला एक बूच लागतं. नेक, म्हणजे माउथपीस बसवायची वरची वळणदार नळी, काढल्यावर मुख्य नळीच्या तोंडाशी ऑक्टेव्हच्या कळेची बारीक दांडी उघडी पडते. बूच तिच्यापेक्षा उंच असतं, त्यामुळे केसच्या भिंतीचा धक्का दांडीऐवजी बुचाला बसतो. शिवाय बूच आणि तळाचा वळसा यांच्यामध्ये वाद्य लांबीच्या दिशेने अडकून राहतं. जुन्या वाद्यांची बुचं हमखास हरवलेली असतात. नवं अगदी स्वस्तात मिळतं, पण त्याशिवाय महागडी केसही अर्धवट.

दुकानात जाताना म्हणूनच वाद्य बरोबर न्यावं. ते केसमध्ये ठेवा, बाकी सुटं सामान काढा, झाकण बंद करून सगळ्या कड्या लावा. मग केस जमिनीपासून थोडीच वर धरून हलक्या हाताने पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा. आतून ‘धप्’ असा आवाज आला तर कुठेतरी पोकळी आहे. दुसरी तपासणी दाबाची. कारागीर पॅडची गळती शोधायला सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी वापरतात. तोच कागद इथे कामाला येतो. बेलवरच्या जाळीवर, बाजूच्या कळांवर अशा पट्ट्या टोक बाहेर राहील अशा ठेवून झाकण लावा आणि एकेक ओढून पाहा. नळीपाशी पट्टी घट्ट धरली गेली तर ठीकच. कळेपाशी धरली गेली, तर तिथला फोम कापावा लागेल किंवा केस बदलावी लागेल.

फोमच्या बाबतीत मऊ म्हणजे चांगला, हा समज सोडून द्यावा. बोटाने दाबताच तळाला जाणारा फोम पडल्यावरही तसाच तळाला जातो आणि धक्का सरळ कवचापर्यंत पोचतो. दाबल्यावर विरोध करणारा, सोडल्यावर सावकाश मूळ जागी येणारा फोम हवा. पोकळी थोडी मोठी असेल तर ती दाट फोमच्या पट्ट्यांनी भरता येते. टेन एमचे कित्येक मालक तेच करतात. पोकळी लहान असेल तर मात्र हात जपून चालवावा, कारण काही केसमध्ये फोम हाच कवचाचा आधार असतो.

प्रकार म्हणाल तर चार. मऊ पिशवी पाठीवर हलकी वाटते. वादक स्वतः गाडीने जाणार आणि वाद्य नजरेआड होणार नाही, एवढ्यापुरती ती ठीक. वाद्याच्या आकाराची कडक केस आज सगळ्यांत लोकप्रिय आहे. फ्रान्सची बाम आणि इंग्लंडची हिस्कॉक्स ही त्यातली ओळखीची नावं. ती हलकी असते, पण पोकळी ठरावीक असल्यामुळे जुन्या वाद्यासाठी तपासून घेणं आलंच. चौकोनी केस जागा जास्त खाते, मात्र आत फेरफार करायला वाव देते. डाव्या कळांच्या वाद्यासाठी बहुतेक वेळा तीच सोयीची पडते. चौथी प्लायवुडची, अ‍ॅल्युमिनियमच्या कडा मारलेली पेटी. ती ट्रकमधून फिरणाऱ्या वाद्यवृंदासाठी. एकट्या माणसाने ती लोकलमध्ये चढवून दाखवावी!

सुट्या वस्तूंचाही विचार हवा. नेक आणि माउथपीस उघडे बेलमध्ये टाकायची सवय अनेकांना असते. धातू धातूवर घासतो, वरचं चकचकीत लॅकर जातं. जुन्या सॅक्सोफोनला मूळ लॅकरमुळे भाव असतो. ते काढून पॉलिश करून पुन्हा चढवलं की पत्राही घासला जातो आणि किंमतही उतरते. नेकसाठी वेगळी जाड पिशवी घ्यावी. कॉनच्या सिक्स एम या अल्टोच्या नेकवर ऑक्टेव्हची कळ खालच्या बाजूने जाते, तेव्हा हल्लीच्या नेकचा कप्पा तिला चालेलच असं नाही.

आपल्याकडे एक शत्रू जास्तीचा आहे, तो म्हणजे दमट हवा. मुंबई आणि गोव्याच्या हॉटेलांत, स्टुडिओंत, चर्चच्या समारंभांत हे वाद्य गेल्या शतकापासून वाजतं आहे. ब्राझ गोन्साल्विससारखा जॅझ सॅक्सोफोनवादक गोव्याने दिला. या किनाऱ्यावर चामड्याची पॅड ओलसर राहिली की चिकटतात, मखमलीला बुरशी धरते, आणि पॉलियुरेथेनचा साधा फोम काही वर्षांनी ओलाव्याने विघटित होऊन चिकट भुकटी होतो. ती भुकटी दांड्यांच्या सांध्यांत गेली तर सगळ्या कळा उतरवून धुवाव्या लागतात. जुनी केस विकत घेताना नखाने फोम टोकरून पाहावा; तुकडा बोटाला चिकटला तर ती केस रिकामीच बरी. वाजवून झाल्यावर आतून पुसलेलं ओलं फडकं परत बेलमध्ये कोंबू नये, सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पावसाळ्यात केस अधूनमधून उघडून हवा द्यावी.

विमानप्रवास ही वेगळीच परीक्षा. आपल्या देशांतर्गत विमानांत हातातल्या सामानाला साधारण 7 किलो आणि 55 सेंटिमीटर लांबीची मर्यादा असते. टेनरची केस त्याहून कितीतरी लांब, आणि अल्टोचीही नियमाच्या बाहेरच. अमेरिकेत 2012 च्या कायद्याने वाद्यांना थोडा दिलासा मिळाला : विमानात चढताना वरच्या कप्प्यात जागा असेल तर वाद्य तिथे ठेवू द्यावं लागतं. इथे मात्र आधीच कंपनीशी बोलून ठेवावं. वाद्य सामानकक्षात जाणारच असेल, तर बेल आणि नळी यांच्यामधल्या फटीत मऊ कापडाची घडी घट्ट बसवावी. बेल आत दाबली गेली तर तिला नळीशी जोडणारा आधारही आत रुततो आणि नळीला पोचा पाडतो. दुरुस्तीत ही जागा सगळ्यांत त्रासाची, आणि तिचा विमा म्हणजे ही घडी.

जुनी मूळ केस फेकू नये. वाद्य विकायची वेळ आली तर ती बरोबर असल्याने किंमत चांगली येते, आणि कोरड्या कपाटात ती निर्धास्त पडून राहते. रोजच्या वापरासाठी दुसरी घ्यावी, आणि तिच्यासाठी खर्च किती करायचा हे केसच्या नव्हे, वाकलेली नळी सरळ करण्याच्या खर्चाकडे पाहून ठरवावं. पैसे कमी पडत असतील तर रंग, खिसे, चाकं, कंपनीचं नाव यांत तडजोड चालते. वजनातही थोडी चालते. कागदाची पट्टी कळेखाली अडकत असेल, तर मात्र दुकानदाराला नमस्कार करून वाद्य उचलावं आणि पुढच्या दुकानात जावं.