बाहेरून आणलेले जनावर आणि घरातला ताप

हरियाणातून मुऱ्हा म्हैस किंवा पंजाबातून होल्स्टिन गाय आणणे हा आज लाखाच्या घरात जाणारा व्यवहार आहे. घेणारा कास पाहतो, दात पाहतो, समोर धार काढून दूध मोजतो आणि घासाघीस करून भाव ठरवतो. गाडी दारात येते, घरातल्या बायका जनावराच्या पायावर पाणी घालून कपाळाला हळदकुंकू लावतात आणि त्याच संध्याकाळी ते जुन्या जनावरांच्या दावणीला बांधले जाते. हळदकुंकवाला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती त्याच संध्याकाळी, त्याच दावणीला बांधण्याला.

आरोग्याच्या सदरात गोठ्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु जनावरांचे काही रोग गोठ्यातून सरळ स्वयंपाकघरात येतात. सांसर्गिक गर्भपात, म्हणजेच ब्रुसेलोसिस, हा त्यांतला महत्त्वाचा. या रोगाची एक जुनी हकिकत प्रत्येक पशुपालकाने ऐकण्यासारखी आहे.

माल्टाच्या शेळ्या

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना एक चिवट ताप येत असे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी १८८७ साली त्याचे जंतू शोधले. त्यांच्याच नावावरून या रोगाला पुढे ब्रुसेलोसिस हे नाव पडले. पण जंतू माणसात येतात कोठून, हे कळायला १९०५ साल उजाडले. थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरांनी तिथल्या शेळ्यांचे रक्त तपासले. वरून अगदी धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्येच या रोगाची खूण सापडली. हे जंतू त्यांच्या दुधातून बाहेर पडत होते.

त्याच वर्षी माल्टातल्या दुधाळ शेळ्या अमेरिकेत नेण्यासाठी ‘जोशुआ निकोल्सन’ नावाच्या जहाजावर चढवल्या गेल्या. शेळ्या दिसायला उत्तम होत्या. वाटेत खलाशांनी त्यांचे दूध मनसोक्त प्यायले. बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात शेळ्या दुसऱ्या जहाजावर गेल्या आणि खलाशी आपापल्या वाटेने पांगले. पुढे ज्यांचा पत्ता लागला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना हाच ताप आल्याचे दिसून आले.

अमेरिकेत पोचल्यावर शेळ्यांना न्यू जर्सीतल्या सरकारी क्वारंटाइन केंद्रात ठेवले होते. तेथे त्यांच्यात रोग असल्याचे सिद्ध झाले. केंद्रात त्यांचे दूध प्यालेली एक स्त्रीही आजारी पडली. शेवटी शेळ्या नष्ट कराव्या लागल्या. पैसा गेला, परंतु त्या शेळ्या कोणाच्याही कळपात शिरल्या नाहीत. माल्टातही १९०६ साली सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला.

या हकिकतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. डोळ्यांना निरोगी दिसणारे जनावर निरोगी असतेच असे नाही. आणि माणसे-जनावरे एकदा पांगली, की कोणाला कोठून बाधा झाली हे शोधणे फार अवघड होते.

भारतातून निघालेली बुळकांडी

पुढे १९२० साली याच अँटवर्प बंदरातून भारतातली जनावरे ब्राझीलकडे निघाली होती. मुक्काम वाटेतला होता, पण त्यांच्याबरोबर बुळकांडी बेल्जियममध्ये उतरली. युरोपला एवढी दहशत बसली, की जनावरांच्या साथींची माहिती देशांनी एकमेकांना कळवावी यासाठी १९२४ साली २८ देशांनी पॅरिसमध्ये एक कायमची संस्था उभी केली. आजची जागतिक पशुआरोग्य संघटना ती हीच. साथ लपवू नका, लिहा आणि कळवा, हाच तिच्या कामाचा पाया आहे. लस, तपासणी आणि अशा नोंदींच्या बळावर २०११ साली जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले.

देशाच्या दारात काय होते?

परदेशी जनावरांच्या आयातीबाबतचा आपला कायदा १८९८ सालचा आहे. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा ठिकाणी केंद्र सरकारची पशु क्वारंटाइन केंद्रे आहेत. येणाऱ्या जनावरासोबत त्या देशाच्या सरकारी पशुवैद्यकाचा दाखला लागतो. आल्यावर त्याला वेगळे ठेवून तपासले जाते आणि मगच पुढे सोडले जाते. २०२२ साली नामिबियातून कुनोला आलेल्या चित्त्यांनाही आधी वेगळ्या कुंपणात राहावे लागले होते.

देशातल्या देशात फिरणाऱ्या जनावरांसाठी २००९ चा सांसर्गिक पशुरोग प्रतिबंध कायदा आहे. कायद्याने सांगितलेला रोग दिसला, तर गावाच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणे आणि आजारी जनावर वेगळे बांधणे ही मालकाची जबाबदारी आहे. तपासणी नाके आणि क्वारंटाइन छावण्या उभारण्याची तरतूदही त्यात आहे. २०२२ साली लंपी चर्मरोग महाराष्ट्रात पसरला तेव्हा जनावरांचे बाजार आणि वाहतूक बंद ठेवावी लागली, हे आपण पाहिले आहेच. मात्र कायद्याचा नाका आपल्या गोठ्यापर्यंत येत नाही. तिथला नाका आपणच लावायचा असतो.

तीस दिवस कशासाठी?

करोनाच्या साथीत क्वारंटाइन हा शब्द घरोघरी पोचला. रोगाचे जंतू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. तेवढे दिवस वेगळे राहायचे, हा त्याचा साधा अर्थ. लाळ्या-खुरकुतीत हा काळ साधारण २ ते १४ दिवसांचा असतो. शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर रोगासाठी २१ दिवस आणि लंपीसाठी २८ दिवस धरतात. म्हणून नव्या जनावराला निदान ३० दिवस वेगळे ठेवावे.

जागा नाही, अशी अडचण बहुतेकांची असते. वेगळा गोठा बांधण्याची गरज नाही. शेताच्या कडेला झाडाखाली, जुन्या जनावरांपासून शक्य तितके दूर आणि त्यांच्याकडे पाणी वाहत जाणार नाही अशा जागी बांधले तरी चालेल. बादली, दावे, घमेले वेगळे हवे. आधी जुन्या जनावरांचे सगळे काम उरकावे, नव्याकडे शेवटी जावे आणि नंतर हातपाय साबणाने धुवावेत. दहा लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्या पाण्याने जागा आणि भांडी धुतली, तर लाळ्या-खुरकुतीचा विषाणू मरतो. लंपी माश्या, डास, गोचिडांमार्फत पसरतो, म्हणून त्यांचाही बंदोबस्त करावा.

परंतु सांसर्गिक गर्भपात आणि क्षय या दोन रोगांना तीस दिवस पुरत नाहीत. ते महिनोन्महिने दबून राहतात. त्यांच्यासाठी पशुवैद्यकाकडून चाचणी करून घेणे हाच उपाय. पहिल्यासाठी रक्त तपासतात. क्षयासाठी कातडीत ट्युबरक्युलिनचे इंजेक्शन देऊन तीन दिवसांनी सूज मोजतात.

वहीत काय लिहावे?

शंभर पानी वही पुरे. एका जनावराला एक पान द्यावे. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक सर्वांत वर लिहावा. त्याखाली आणल्याची तारीख, विकणाऱ्याचे नाव-गाव, बाजार, गाडीचा क्रमांक, जनावराचे वय, वेत, रंग, शिंगे आणि अंगावरच्या खुणा. मग कोणती लस कधी टोचली आणि कोणत्या चाचणीचे काय उत्तर आले, हे तारखेसह.

तीस दिवसांत रोज एक ओळ लिहावी: ताप किती, वैरण खाल्ली का, दूध किती, शेण कसे, लाळ, नाकातला शेंबूड किंवा अंगावर गाठ आहे का, आणि जनावराची देखभाल कोणी केली. गाईचा ताप सर्वसाधारणपणे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतो. तो चढला की तोंडात किंवा खुरात फोड येण्याआधीच सावध होता येते.

लसीची तारीख लिहिण्याचा आग्रह उगाच नाही. सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त मादी वासरांना, वयाच्या चौथ्या ते आठव्या महिन्यात, आयुष्यात एकदाच देतात. ती मोठ्या वयात टोचली गेली, तर पुढे रक्ताच्या चाचणीत रोग असल्यासारखे उत्तर येऊ शकते. हा लसीचा परिणाम की खरा रोग, हे नोंदीशिवाय ठरवणे कठीण. बिल्ल्याच्या क्रमांकावर सरकारी संगणकातही नोंद होते. म्हणून व्यवहार झाल्यावर दवाखान्यात जाऊन मालकाचे नाव बदलून घ्यावे. जनावर विकले, मेले किंवा गाभडले, तर तेही वहीत लिहावे.

घरच्यांनी काय सांभाळावे?

गाभण जनावराने शेवटच्या महिन्यांत गाभ टाकला, तर ‘गाडीचा धक्का बसला’ म्हणून विषय सोडून देऊ नये. उघड्या हाताने वार काढू नये. टाकलेला गाभ आणि वार कुत्र्यांपुढे किंवा उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावे आणि पशुवैद्यकाला कळवावे. या गोष्टींत जंतू खच्चून भरलेले असतात. दूध उकळून प्यावे. चांगल्या उकळीने हे जंतू मरतात. धारोष्ण दुधाची हौस आणि कच्चे दूध चाखणे बंद करावे.

माणसात हा रोग ओळखणे सोपे नाही. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. रात्री दरदरून घाम सुटतो. कंबर आणि सांधे दुखतात, थकवा जात नाही. पुरुषांत वृषणाला सूज येऊ शकते. विषमज्वर, हिवताप किंवा क्षय समजून उपचार होत राहतात आणि महिने निघून जातात. रक्ताची नेमकी तपासणी झाली, तर औषधे आहेत. मात्र ती एकाहून अधिक आणि निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडली, तर रोग उलटतो.

नेमकी तपासणी करायची, तर डॉक्टरांना आधी तशी शंका यायला हवी. म्हणून घरात कोणाचा ताप रेंगाळला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. आमच्या घरी जनावरे आहेत, नवे जनावर अमुक तारखेला आणले, अमुक तारखेला गाईने गाभ टाकला आणि वार यांनीच काढली, एवढे आपणहून सांगा. तारखा आठवत नसतील, तर गोठ्यातली वही सोबत न्या.