कॅडिलॅकचे पंख आणि स्लोन यांची शिडी

परवा मुंबईत व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीत एक जुनी कॅडिलॅक दिसली. मागे विमानासारखे उभे पंख. शेजारच्या मुलाने विचारलं, "काका, हे कशाला?"

चालवताना त्यांचा उपयोग जवळपास शून्य. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल यांना पी-३८ या लढाऊ विमानाने भुरळ घातली आणि १९४८ च्या कॅडिलॅकला छोटे पंख फुटले. १९५९ च्या मॉडेलवर ते सर्वांत उंच झाले.

पण खरी चाल त्याआधीची, कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांची. फोर्डने १९०८ ते १९२७ मॉडेल टी विकली, दीड कोटी! त्यातली बरीच वर्षं रंग फक्त काळा. याउलट स्लोन यांनी शिडीच उभारली: शेवरले, पॉन्टियॅक, ओल्ड्समोबिल, ब्यूक, कॅडिलॅक. पगार वाढला की एक पायरी वर. शिवाय दरवर्षी गाडीचं रूप थोडं बदलायचं, म्हणजे आधीची लगेच जुनी दिसते.

ही शिडी पुढे कंपनीनेच मोडली, असं माझं ठाम मत. १९८२ ची कॅडिलॅक सिमरॉन म्हणजे शेवरले कॅव्हेलियरचंच सजवलेलं भावंड. ग्राहकांनी ते लगेच ओळखलं. ओल्ड्समोबिल २००४ मध्ये बंद झाली, पॉन्टियॅक २०१० मध्ये.

घरच्या अल्बममध्ये जुन्या अमेरिकन गाडीचा फोटो असेल तर नक्की टाका, मॉडेल ओळखायला मदत करेन. प्रश्नही विचारा.