भातशेतीतील लहान घूस आणि तिचा धान्यसंचय

धान्याचा संचय करणारा कृंतक म्हटला की प्रथम हॅम्स्टरचे उदाहरण दिले जाते. जर्मन भाषेत साठेबाजीचे क्रियापदच त्याच्या नावावरून बनले आहे. भारतात मात्र हॅम्स्टर काश्मीर-लडाखच्या थंड प्रदेशापुरताच मर्यादित आहे. ठाणे-कल्याण परिसरातील भातखाचरांत तीच सवय लहान घुशीत, म्हणजे बँडिकोटा बेंगालेन्सिस या जातीत, दिसून येते. हॅम्स्टर क्रिसेटिडी कुलातील, तर लहान घूस उंदरांच्या म्युरिडी कुलातील होय.

दोहोंची साधनेही भिन्न आहेत. हॅम्स्टर गालांतील पिशव्यांत दाणे भरून नेतो. लहान घुशीस अशा पिशव्या नसतात. ती ताटे कुरतडून लोंब्या दातांत धरून बिळात ओढून नेते. तिचे बीळ बहुधा बांधात असते. त्यात निवाऱ्याची व साठ्याची दालने वेगवेगळी असून तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग आढळतो. एकेका बिळात काही किलोग्रॅम भात सापडल्याच्या नोंदी आहेत.

कुल व अवयव भिन्न असता सवय एकच कशी, या प्रश्नाचे उत्तर ऋतुमानात शोधावे लागते. हॅम्स्टरपुढे दीर्घ हिवाळ्याचे संकट असते. ठाणे जिल्ह्यात हळव्या भातापासून गरव्या भाताच्या कापणीपर्यंत काही आठवडे विपुलतेचे जातात. त्यानंतर वालासारखे एखादे पीक सोडल्यास बहुतेक खाचरे पावसाळ्यापर्यंत ओसाड राहतात. अल्पकाळ सुबत्ता व दीर्घकाळ टंचाई असेल तेथे संचय करणारा जीव तगतो.

या गोष्टीस व्यावहारिक महत्त्व आहे. शेतात दाणा पक्व झाल्यावर अथवा कोठार भरल्यावर विषारी आमिषाकडे घूस सहसा वळत नाही. गर्भकाल सुमारे 3 आठवड्यांचाच असल्याने तिची संख्याही झपाट्याने वाढते. म्हणून नियंत्रणाचे उपाय लोंब्या येण्यापूर्वीच योजणे इष्ट ठरते.

कल्याण-डोंबिवलीत अनेक खाचरांच्या जागी आता वसाहती उभ्या आहेत. परंतु शेत गेले म्हणजे घूस गेली, असे मानता येत नाही. कोलकात्याच्या धान्यगोदामांतील तिच्या दाट वस्तीचा स्पिलेट यांनी केलेला अभ्यास 1968 मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईतही ती गोदामांत आढळते. जेथे धान्य बारमाही उपलब्ध असते तेथे कापणीच्या हंगामावर आधारलेले वेळापत्रक उपयोगी पडत नाही. शेतातील घुशीचा विचार पिकाच्या अवस्थेवरून करावा. नगरातील घुशीचा मात्र अन्न व निवारा यांच्या सातत्यावरून करणे आवश्यक आहे.