तार निवडण्याचे तारतम्य

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला आणि महाड तालुक्यातील वीर हे गाव मुंबईकरांच्या नकाशावर आले. १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला, २०२१ मध्ये रोहा-वीर दरम्यान दुसरा रूळ आला आणि २०२२ मध्ये सगळ्या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. आज वीर स्थानकाच्या फलाटावर उभे राहिले की डोक्यावरून २५ हजार व्होल्टची तार जाताना दिसते. ही तार उघडी आहे. तिच्यावर प्लास्टिकचे कसलेही आवरण नाही. भोवतालची हवा आणि चिनी मातीचे किंवा तत्सम रोधक हेच तिचे कवच. म्हणूनच तिच्यापासून किमान दोन मीटर दूर राहण्याचा इशारा रेल्वे सतत देत असते.

त्याच फलाटावर उतरून गावातल्या घरी जाणाऱ्या चाकरमान्याच्या भिंतीत मात्र २३० व्होल्टची तार असते. दाब रेल्वेच्या तुलनेत शंभराव्या हिश्शाहूनही कमी. पण अंतर मात्र शून्य. माणूस, ओली भिंत आणि वाहती वीज यांच्यामध्ये जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे आवरण उभे असते. ते आवरण आणि त्याच्या आतली तार नीट निवडली आहे की नाही, यावर घरातल्यांची सुरक्षितता अवलंबून असते. तरीही नवे घर बांधताना किंवा जुन्याची डागडुजी करताना फरशी आणि रंग निवडण्यात आठवडे जातात. तारेची निवड मात्र ‘वायरमन आणेल ती’ या एका वाक्यात उरकली जाते.

जाडीचे गणित

तारेतून प्रवाह वाहू लागला की ती तापते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. घरगुती तारेवरील साधे पीव्हीसी आवरण सत्तर अंश सेल्सिअसपर्यंतच्या सततच्या तापमानासाठी बनवलेले असते. त्यापलीकडे ते मऊ पडते, पुढे कडक होऊन तडकते आणि एक दिवस आतले तांबे उघडे पडते. आगीला कारण ठरणारे ‘शॉर्टसर्किट’ पुष्कळदा असे वर्षानुवर्षे शिजत आलेले असते.

तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. कोणते उपकरण किती प्रवाह घेते, हे काढण्याची रीत सोपी आहे: उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागावे. दोन हजार वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो, हजार वॅटची इस्त्री साडेचार, तर तीन हजार वॅटचा तत्काळ पाणी तापवणारा गीझर १३ अँपिअर. घरगुती जोडणीत दिवे व पंख्यांसाठी दीड चौरस मिलिमीटर, सर्वसाधारण प्लगांसाठी अडीच आणि गीझर, वातानुकूलन यंत्र यांसारख्या उपकरणांसाठी प्रत्येकी स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरण्याचा प्रघात आहे. मीटरपासून मुख्य फलकापर्यंतची तार एकूण भार पाहून सहा किंवा दहा चौरस मिलिमीटरची घ्यावी लागते.

तारेची प्रवाह वाहण्याची क्षमता मोकळ्या हवेत जास्त असते. एकाच नळीत सहा-आठ तारा कोंबल्या की ती घटते, कारण एकमेकींची उष्णता बाहेर पडू शकत नाही. नळी निम्म्याहून अधिक रिकामी राहील इतकीच ती भरावी. गच्च भरलेली नळी आज स्वस्त वाटते, पण पुढे त्यातली एक तार बदलायची वेळ आली की सगळी भिंत फोडावी लागते.

अंतर वाढले की

शहरातील सदनिकेत मीटरपासून शेवटच्या दिव्यापर्यंतचे अंतर वीस-पंचवीस मीटर असते. महाड, पोलादपूरकडील वाड्यांवर चित्र वेगळे असते. घर एकीकडे, विहीर उताराखाली, गोठा आणखी पलीकडे. इथे ‘तार तापत नाही, म्हणजे ती पुरेशी आहे’ हा हिशेब चुकतो.

दीड अश्वशक्तीचा एक फेजचा पंप चालताना सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतो. विहीर मीटरपासून शंभर मीटरवर असेल तर जाण्यायेण्याचा मिळून दोनशे मीटर तारेचा रोध विजेला पार करावा लागतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत या अंतरावर सुमारे २४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. अडीचच्या तारेत १५, चारच्या तारेत ९ आणि सहाच्या तारेत सुमारे ६. गावाकडे संध्याकाळी मुळातच दाब उतरलेला असतो. त्यात आणखी चोवीस व्होल्ट गेले की पंप घरघरतो, जास्त प्रवाह ओढतो आणि अखेर त्याची गुंडाळी जळते. दोष पंपाला दिला जातो, पंप बदलला जातो, तार तीच राहते आणि दोन पावसाळ्यांनी नवा पंपही त्याच वाटेने जातो.

यात दुसरा धोका अधिक गंभीर आहे. लांब आणि बारीक तारेच्या टोकाला शॉर्टसर्किट झाले, तर तारेच्या स्वतःच्या रोधामुळे प्रवाह मर्यादित राहतो. वरील उदाहरणात दीडच्या तारेतून तो शंभर अँपिअरच्या आतच राहील. १६ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी तत्क्षणी पडण्याची खात्री मात्र १६० अँपिअरला असते. म्हणजे विहिरीवर तारा एकमेकींना चिकटलेल्या असूनही घरातला एमसीबी काही सेकंद स्वस्थ बसू शकतो आणि तेवढ्यात तार तापून लाल होते. लांबच्या जोडणीला जाड तार लागते ती केवळ पंपासाठी नव्हे, संरक्षक साधनाने वेळेवर काम करावे यासाठीही.

तांबे की अॅल्युमिनियम?

अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. त्यामुळे तेवढ्याच कामासाठी अॅल्युमिनियमची तार दीडपटीहून जाड घ्यावी लागते. खांबापासून मीटरपर्यंत किंवा जमिनीखालून जाणाऱ्या मोठ्या केबलसाठी अॅल्युमिनियम हा स्वस्त आणि योग्य पर्याय आहे. घराच्या आतील जोडणीत मात्र तो टाळावा. अॅल्युमिनियमवर चटकन ऑक्साइडचा थर धरतो, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू दबून सैल होते आणि सैल सांधा तापतो. तांब्याची तार थेट अॅल्युमिनियमला पिळून जोडणे हे तर कोकणच्या दमट हवेत गंजाला आमंत्रणच.

बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तारही तांब्याची म्हणून खपवली जाते. ती ओळखण्यास तराजू पुरेसा आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याचे वजन सुमारे नऊ ग्रॅम भरते. या हिशेबाने अडीच चौरस मिलिमीटरच्या नव्वद मीटर गुंडाळीत नुसते तांबेच दोन किलोच्या आसपास हवे. आवरणाचे वजन त्यावर. गुंडाळी दोन किलोहून हलकी भरली, तर एकतर लांबी कमी आहे, जाडी कमी आहे किंवा धातू वेगळा आहे. तारेचे टोक सुरीने खरवडले की आत चंदेरी रंग दिसतो का, हेही पाहावे.

आवरणावरची अक्षरे

घरगुती वापराच्या पीव्हीसी तारांसाठी भारतीय मानक आयएस ६९४ आहे, जमिनीखालील जाड केबलसाठी आयएस १५५४ आणि क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन आवरणाच्या केबलसाठी आयएस ७०९८. ही शेवटची केबल नव्वद अंशांपर्यंत तग धरते. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने विजेच्या तारा आयएसआय चिन्हाखाली आणल्या. चिन्हाजवळ परवाना क्रमांक छापलेला असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तो घालून परवाना खरा आहे की नाही, हे ग्राहकाला दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. निर्मात्याचे नाव, जाडी आणि मानकाचा क्रमांक तारेवर ठरावीक अंतराने छापलेला नसेल, तर ती गुंडाळी परत करावी.

‘एफआर’ म्हणजे ज्वाला पसरू न देणारे आवरण. ‘एफआरएलएस’ मध्ये त्याखेरीज धूर व आम्लयुक्त वायू कमी निघतात. साध्या पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो आणि आगीत पुष्कळदा ज्वालेआधी धूरच जीव घेतो. लाकडी माळा, कौलाखालच्या वाशा-रिपा आणि साठवलेला पेंढा असलेल्या घरात एफआरएलएसचा किंवा हॅलोजनविरहित तारेचा थोडा जादा खर्च सार्थकी लागतो. रंगांचा संकेतही पाळावा: फेजसाठी लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलसाठी काळा, अर्थिंगसाठी हिरवा. उरलेली हिरवी तार फेजला वापरणे म्हणजे पुढच्या दुरुस्तीला येणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ.

पाऊस, पूर आणि बंद घर

सावित्रीच्या खोऱ्याला पावसाचे रौद्र रूप नवे नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले. त्याआधी जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील असंख्य खांब आडवे केले. अशा प्रदेशात तारेचा मार्गही तारेइतकाच विचारपूर्वक ठरवावा लागतो. पूररेषेतील घरात मुख्य फलक आणि प्लग जुन्या पाणखुणेच्या वर असावेत आणि तारा छताकडून खाली आणाव्यात. विहिरीकडे जाणारी केबल झाडाला टांगण्याऐवजी पोलादी कवचाची घेऊन सुमारे पाऊण मीटर खोल, वाळूच्या थरात आणि वर विटा रचून पुरावी. वाटेत सांधा ठेवू नये. उघड्यावरच्या साध्या पीव्हीसी तारेला ऊन तडकवते आणि पुढचे काम पाऊस करतो.

पुरात बुडालेले एमसीबी, प्लग व स्विच सुकवून पुन्हा वापरू नयेत; ते बदलावेतच. तारा वाळल्यासारख्या दिसल्या तरी टोकांतून पाणी आत शिरलेले असते. मेगर या यंत्राने आवरणाचा रोध मोजून घ्यावा. तो एक मेगओहमपेक्षा कमी आला तर वीज सुरू करू नये.

वर्षाचे दहा महिने बंद असणाऱ्या घरांचा प्रश्न निराळाच. उंदीर आवरण कुरतडतात, पाली आणि मुंग्या फलकात घर करतात, ओल भिंतीत मुरते. मग गौरी-गणपतीला अवघे कुटुंब येते आणि फ्रिज, मिक्सर, इस्त्री, मखराची रोषणाई एकाच दिवशी सुरू होते. मखरासाठी एका प्लगमधून तीन-चार माळा निघतात. गुंडाळीतली एक्स्टेन्शन तार तशीच गुंडाळलेली ठेवून वापरली जाते. तिची उष्णता आतच कोंडते. ती पूर्ण उलगडूनच वापरावी आणि आरास ओल्या ओटीवर किंवा पडवीत असेल तर अर्थिंगच्या तिसऱ्या तारेविना काहीही जोडू नये.

शेवटचा पहारेकरी

उत्तम तारही एक दिवस कापली जाऊ शकते. म्हणून दोन वेगळ्या पहारेकऱ्यांची गरज असते आणि त्यांची गल्लत होता कामा नये. एमसीबी तारेचे रक्षण करतो. त्याची क्षमता तारेच्या क्षमतेहून कमी हवी. दीडच्या तारेला १०, अडीचच्या तारेला १६ आणि चारच्या तारेला २० अँपिअर हे सुरक्षित प्रमाण. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणे हा उपाय नव्हे. भार वाटून देणे किंवा तार बदलणे हा उपाय आहे.

माणसाचे रक्षण आरसीसीबी करतो. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. त्यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कोणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चालली आहे असे समजून, तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. एमसीबीला एवढ्या अल्प प्रवाहाची दखलही घेता येत नाही. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा आणि बंद घर उघडल्यावर पहिल्याच दिवशी दाबून पाहावे. बटण दाबूनही तो पडला नाही तर तो बदलल्याशिवाय पंपाला हात लावू नये.

हे सारे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावे आणि त्याच्याकडून चाचणी अहवाल मागून घ्यावा. कोणत्या खोलीला किती जाडीची तार गेली आहे, याचा एक साधा आराखडा फलकाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला, तर वीस वर्षांनी भिंतीला खिळा ठोकणाऱ्या पुढच्या पिढीलाही तो उपयोगी पडेल. संपूर्ण घराच्या खर्चात चांगली तार आणि आरसीसीबी यांचा वाटा फारसा नसतो. प्लास्टर चढल्यावर मात्र ती तार पुन्हा दिसत नाही. म्हणून तिची पारख प्लास्टरच्या आधी, दुकानातच व्हायला हवी.